फुंकर कोणाची?

फराळाच्या ताटासमोर बसून चकलीची व्युत्पत्ती शोधणाऱ्या माणसाला घरात कोणी शहाणे म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाचकहो, आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे यंदाही मी एक शब्द घेऊन आलो आहे. शब्द इंग्रजी, त्याची भावंडे स्पॅनिश. मला अडविले मात्र त्याने मराठीत!

माझी एक जुनी विद्यार्थिनी हल्ली स्पॅनिश शिकते. वर्गात तिला आपल्या आईविषयी पाच मिनिटे बोलायचे होते. आईला जाऊन अजून वर्षही झाले नव्हते. तिने विचारले, “सर, इंग्रजीत ‘इन्स्पायर’ म्हणतात, त्याला नेमके काय म्हणावे?”

मी प्राध्यापकी थाटात सांगून टाकले, “प्रेरणा देणे. स्पॅनिशमध्ये इन्स्पिरार. ‘आईने मला प्रेरणा दिली.’ झाले वाक्य!”

ती जरा थांबून म्हणाली, “पण सर, आईने मला प्रेरणाबिरणा कधी दिली नाही हो. मी रात्री लिहीत बसले की ती दिवा पुढे सरकवायची आणि म्हणायची, ‘लिही तू, मी जागी आहे.’ याला काय म्हणायचे?”

मी निरुत्तर झालो आणि निमूटपणे कोश उघडले.

‘इन्स्पायर’चे मूळ लॅटिन. ‘इन’ म्हणजे आत आणि ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे, फुंकणे. इ. स. 400 च्या सुमारास संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणले. त्यात ईश्वर मातीच्या माणसात प्राण फुंकतो, तेथे हेच क्रियापद आहे. कवीला काव्य स्फुरते तेव्हा कोणीतरी बाहेरून फुंकर घातलेली असते, अशी ही कल्पना. इंग्रजीत या शब्दाचे तीन-चार अर्थ नांदतात: काव्यकल्पना सुचविणे, एखाद्याला कार्याला उद्युक्त करणे, मनात विश्वास किंवा भीती उत्पन्न करणे आणि डॉक्टरांच्या भाषेत नुसता श्वास आत घेणे.

स्पॅनिश ‘इन्स्पिरार’ हे सारे अर्थ सांभाळते. त्याचे गोतही मोठे मजेदार आहे. ‘सुस्पिरार’ म्हणजे उसासा टाकणे, ‘एक्स्पिरार’ म्हणजे प्राण सोडणे. आणि ‘कोन्स्पिरार’, म्हणजे मुळात एकत्र श्वास घेणे, याचा अर्थ झाला कट करणे! जिन्याखाली डोक्याला डोके लावून कुजबुजणाऱ्या मंडळींचे याहून चांगले वर्णन आपल्यालाही साधणार नाही.

आपल्याकडे या एका शब्दाचे काम तिघे वाटून घेतात. ‘प्रेरणा’ ही ‘ईर्’ धातूची, म्हणजे हलविणारी, पुढे लोटणारी. ‘स्फूर्ती’ ही ‘स्फुर्’ची, तिच्यात थरथर आहे, लखलख आहे. आणि तिसरे आपले घरगुती ‘सुचणे’. यातली गंमत अशी की ‘मी सुचतो’ असे कोणी म्हणत नाही; ‘मला सुचते’ असेच म्हणतात. वाक्याची कर्ती ती कल्पना. आपण नुसते तिचे यजमान. हुबेहूब हीच रचना स्पॅनिशमध्ये सापडली तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच! ‘से मे ओकुर्रे’, म्हणजे ‘मला सुचते’. इन्स्पिरार दिमाखाचे, रोजच्या व्यवहारात भाजीला काय करावे इथपासून सारे काही या ‘ओकुर्रे’वर चालते.

प्रत्यक्ष सर्व्हान्तेसचीही सुचण्यावाचून अडचण झाली होती बरे! ‘दोन किहोते’ 1605 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की पुस्तक लिहून झाले, पण प्रस्तावनाच सुचेना. पुढ्यात कागद, कानावर लेखणी, कोपर मेजावर आणि हात गालावर, अशा थाटात तो बसला आहे. इतक्यात एक मित्र येतो, त्याची कैफियत ऐकून खो खो हसतो आणि चार युक्त्या सांगतो. त्या संभाषणाचीच प्रस्तावना होते. आकाशातून कोणी देवता उतरली नाही. एक माणूस दार उघडून आत आला, एवढेच.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचेच खरे होते. तिची आई आकाशातून आली नव्हती. ती शेजारी जागी होती.

मग आम्ही दोघे पुन्हा कोशात शिरलो आणि एक साधा शब्द हाती लागला: ‘आनिमार’. याचा अर्थ धीर देणे, उत्साह देणे. परीक्षेला निघालेल्या मुलाला किंवा दमलेल्या खेळाडूला स्पॅनिश माणूस ‘आनिमो!’ म्हणून हाक देतो, आपण ‘हिंमत धर!’ म्हणतो तशी. हा शब्द लॅटिन ‘आनिमा’च्या कुळातला. आनिमा म्हणजे श्वास, प्राण. आणि त्याचे नाते थेट संस्कृत ‘अन्’ धातूशी, ज्यापासून आपला ‘प्राण’ आला, ‘अनिल’ आला. फुंकर येथेही आहेच. पण ती माणसाने माणसाला घातलेली.

तिने वाक्य केले: ‘मि माद्रे मे आनिमाबा.’ मी म्हटले, “छान! ‘आईने मला धीर दिला.’”

“नाही सर,” ती म्हणाली, “‘दिला’ नव्हे. एकदा दिला असता तर क्रियापदाचे रूप ‘आनिमो’ झाले असते, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. ‘आनिमाबा’ म्हणजे द्यायची. रोज द्यायची.”

वीस वर्षे मी रीतिभूतकाळ शिकवीत आलो. त्याचा उपयोग त्या दिवशी मला कळला.

वाचकहो, आज घरोघर पणत्या लागतील. कोणाच्या तरी वहीपुढे दिवा सरकवणारा एखादा हात आपल्याही घरात असेल. त्याला प्रेरणास्थान वगैरे म्हणू नका. तो बिचारा संकोचेल. फक्त त्याचे क्रियापद वर्तमानकाळात आहे तोवर दोन शब्द बोलून घ्या.