छापखाना नसलेल्या वर्तमानपत्राचा मान



आपल्या वयाच्या मंडळींत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "अगं, मोबाईलवर आलंय, पण खरं असेल का?" पूर्वी मुंबईत सकाळी पेपरवाला दाराच्या फटीतून वर्तमानपत्र सरकवून जायचा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत संपादकाचे नाव, छापखान्याचे नाव आणि पत्ता असायचा. चूक छापली तर जाब कोणाला विचारायचा ते ठाऊक होते. आता बातमी हवेतून येते. मी वाचून घाबरते आणि नातवंडे हसून म्हणतात, "सावता, हे सगळं खोटं आहे. पुढे पाठवू नकोस!"

पण सगळेच खोटे नसते. छापखाना नाही, कागद नाही, पेपरवाला नाही, अशा एका वृत्तसंस्थेने अमेरिकेतला पत्रकारितेचा सर्वांत मोठा मान मिळवला, त्याची गोष्ट आज सांगते. गोष्ट एका हॉस्पिटलची आहे, म्हणून ती सांगायचा थोडा हक्क माझ्यासारख्या नर्सला आहे असे मी समजते.

आधी मुलांसाठी सांगते, हा मान म्हणजे पुलित्झर पारितोषिक. जोसेफ पुलित्झर हा आपल्यासारखाच देश सोडून गेलेला माणूस. १८४७ साली हंगेरीतल्या माको गावी एका ज्यू कुटुंबात जन्मला. १८६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो अमेरिकेला पोचला तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. तिथे त्याला बातमीदाराची पहिली नोकरी मिळाली ती सेंट लुईस शहरातल्या एका जर्मन भाषेच्या वर्तमानपत्रात. म्हणजे परदेशातून आलेल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत काढलेले पत्र. आपले हे पत्रक हातात धरताना मला त्याची आठवण होते. पुढे तो मोठमोठ्या वर्तमानपत्रांचा मालक झाला. १९११ साली वारला तेव्हा मृत्युपत्रात पारितोषिकांसाठी पैसे ठेवून गेला. १९१७ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठामार्फत ही पारितोषिके दिली जातात.

बक्षिसाची रक्कम फार नसते. २०१० साली ती दहा हजार डॉलर होती. लोकसेवेच्या विभागात मात्र सोन्याचे पदक असते, आणि ते एखाद्या बातमीदाराला नाही तर सबंध वृत्तसंस्थेला मिळते.

पत्रकारितेची ही पारितोषिके वर्षानुवर्षे छापील वर्तमानपत्रांसाठीच होती. इंटरनेटवर कितीही चांगले काम केले तरी फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या संस्थेला अर्जच करता येत नव्हता. २००८ च्या डिसेंबरात नियम बदलला. स्वतः शोधून काढलेल्या बातम्या देणाऱ्या इंटरनेटवरच्या संस्थांनाही दार उघडले. पहिल्या वर्षी, २००९ साली, त्यांच्यातल्या कोणालाच काही मिळाले नाही. लोक म्हणाले असतील, बघा, कागद तो कागदच! पण १२ एप्रिल २०१० रोजी निकाल लागला आणि शोधपत्रकारितेचे पारितोषिक प्रोपब्लिका या संस्थेच्या शेरी फिंक यांना जाहीर झाले. फिलाडेल्फियाच्या एका छापील वर्तमानपत्रातल्या दोघी बातमीदार त्याच विभागात बरोबरीच्या मानकरी होत्या. इंटरनेटवर चालणाऱ्या वृत्तसंस्थेला मिळालेले ते पहिले पुलित्झर.

ही प्रोपब्लिका २००७ साली स्थापन झाली आणि २००८ साली तिच्या बातम्या येऊ लागल्या. पॉल स्टायगर नावाचे गृहस्थ तिचे पहिले संपादक. आधी बरीच वर्षे ते वॉल स्ट्रीट जर्नल या मोठ्या दैनिकाचे काम पाहत होते. हर्बर्ट आणि मॅरियन सँडलर या नवराबायकोने वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. नफा कमवायचा नाही, बातमी फुकट वाचायला द्यायची, दुसऱ्या वर्तमानपत्रांनाही छापायला द्यायची, आणि पैसे देणाऱ्याने बातमीत हात घालायचा नाही, असा त्यांचा रिवाज. स्वतंत्र म्हणतात ते याला.

आता हॉस्पिटलकडे येते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि शहरात पाणी भरले. तिथल्या मेमोरियल मेडिकल सेंटरमध्ये दोनशेच्या वर रुग्ण होते, आणि कर्मचारी, नातेवाईक, आसऱ्याला आलेले शेजारी मिळून दोन हजारांच्या आसपास माणसे. विजेचे जनरेटर होते, पण त्यांची वीज वॉर्डांत वळवणाऱ्या यंत्रणेचे काही भाग जमिनीपासून जेमतेम काही फूट उंचीवर बसवलेले होते. ३१ ऑगस्टला पहाटे सगळी वीज गेली. एसी बंद, लिफ्ट बंद, व्हेंटिलेटर बंद.

ज्यांनी वॉर्डात काम केले आहे त्यांना पुढचे सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी डोळ्यांसमोर आणावे. नर्सेस काळोखात हाताने रबरी फुगा दाबून रुग्णाला श्वास देत आहेत. अंगाची लाही होईल असा उकाडा. रुग्णांना चादरीवर उचलून जिना उतरायचा, मशीनच्या खोलीच्या भिंतीतल्या एका भोकातून पलीकडे सरकवायचे, आणि गाड्यांच्या तळावरून वर चढवून हेलिकॉप्टरपर्यंत न्यायचे. डॉक्टरांनी रुग्णांचे तीन गट केले. जे फार आजारी होते, किंवा ज्यांच्या कागदावर हृदय थांबल्यास पुन्हा सुरू करू नये असे लिहिलेले होते, त्यांचा नंबर शेवटी. पाणी ओसरल्यावर तिथून ४५ मृतदेह बाहेर काढले गेले. काही रुग्णांना मॉर्फिन आणि गुंगीच्या औषधाची इंजेक्शने दिली गेली होती. २००६ साली एक डॉक्टर आणि दोन नर्सेस यांना अटक झाली. त्रास कमी करावा एवढाच हेतू होता, असे त्या डॉक्टरांचे म्हणणे. २००७ साली पंचांच्या मंडळाने त्यांच्यावर खटला भरायला नकार दिला. कोणावरही गुन्हा शाबित झाला नाही.

इथे प्रकरण बंद झाले असते. शेरी फिंक यांनी ते बंद होऊ दिले नाही. त्या स्वतः डॉक्टरकी शिकलेल्या, लढाईच्या आणि आपत्तीच्या ठिकाणी काम केलेल्या. दोन वर्षांहून जास्त काळ त्या माणसांना भेटत राहिल्या. डॉक्टर, नर्सेस, मेलेल्यांचे नातेवाईक, तपास करणारे, सगळ्यांशी बोलल्या. ऑगस्ट २००९ मध्ये तो लांबलचक लेख प्रोपब्लिकाच्या पानावर आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात आला. त्या एका लेखामागे चार लाख डॉलरच्या घरात खर्च झाला, असा अंदाज तेव्हा दिला गेला होता. मोबाईलवर फुकट आलेली बातमी आणि ही बातमी यांतला फरक इथे आहे. खरी बातमी वाचायला फुकट असली तरी कोणीतरी तिची किंमत मोजलेली असते.

त्या लेखात बाईंनी निकाल दिलेला नाही. अमका राक्षस, तमका देव, असे कुठे नाही. पाच रात्री न झोपलेली माणसे काय ठरवतात, कोण कोणाला विचारते, कोण गप्प राहते, हे त्यांनी क्रमाने मांडले. निवड कोणी करायची आणि कशावरून, हा प्रश्न वाचकाच्या हातात ठेवला. २०१३ साली त्यांनी यावर मोठे पुस्तकही लिहिले.

आमच्या जुन्या मैत्रिणींमध्ये हा विषय काढला तर दोघींचे चेहरे लगेच उतरतात. "नर्सेसना बदनाम करायचं आणि वर बक्षीस घ्यायचं!" त्यांचा राग मला कळतो. आपण आयुष्य घालवले त्या कामाकडे बाहेरच्याने बोट दाखवले की लागते. म्हणून त्यांना मी आणखी एक हकीकत सांगते.

त्याच २००९ च्या जुलै महिन्यात प्रोपब्लिकाच्या चार्ल्स ऑर्नस्टीन आणि ट्रेसी वेबर यांनी लॉस एंजेलिस टाइम्सबरोबर एक मालिका छापली. कॅलिफोर्निया राज्यात एखाद्या नर्सविरुद्ध तक्रार आली, अगदी औषध चोरल्याची किंवा रुग्णाला मारल्याची, तरी नर्सिंग मंडळाला तिचा निकाल लावायला सरासरी तीन वर्षांहून जास्त लागत होती. तेवढ्या काळात ती नर्स दुसऱ्या हॉस्पिटलात कामावर असे. बातमी आल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत राज्याचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी मंडळाचे बहुतेक सभासद बदलले. ही मालिका २०१० च्या पुलित्झरमध्ये लोकसेवेच्या विभागात शेवटच्या निवडीपर्यंत पोचली, पदक मात्र तिला मिळाले नाही.

मी मैत्रिणींना विचारते, रात्रपाळीत तुमच्या शेजारच्या वॉर्डात रुग्णाचे मॉर्फिन स्वतः टोचून घेणारी बाई असती, तर तुम्हाला काय हवे होते? तिने तीन वर्षे तिथेच राहावे? अशी एक बाई वॉर्डात असली की संशय सगळ्यांवर येतो. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या मोजल्या जातात त्या सगळ्यांच्या कमरेच्या. तिच्यावर वेळेवर कारवाई झाली तर इमानाने काम करणाऱ्या शंभरजणींची अब्रू राहते. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते, दिलेला डोस लिहायचा, चुकलेला डोसही लिहायचा. लिहिले नाही तर पुढच्या पाळीची नर्स आंधळेपणाने औषध देईल. मला वाटते, या बातमीदारांनी हेच केले. सबंध राज्याच्या चार्टवर जे कोणी लिहीत नव्हते ते लिहिले.

मग पारितोषिकाने काय साधले? बातमी खरी होती ती पारितोषिकाच्या आधीही खरी होती. कॅलिफोर्नियाचे मंडळ पदकाशिवायच बदलले. पण नवीन, छोट्या, कोणाच्या ओळखीच्या नसलेल्या संस्थेला मान मिळाला की लोक तिचे फोन उचलतात, गावातली भ्यालेली माणसे तिच्याशी बोलतात, देणगी देणाऱ्याला धीर येतो. आपल्याकडे नर्सचे रजिस्ट्रेशन असते ना, तसे. रजिस्ट्रेशनमुळे हात कुशल होत नाहीत, पण अनोळखी रुग्ण त्या भरवशावर हात पुढे करतो.

त्यानंतर हे दार उघडेच राहिले. २०११ साली प्रोपब्लिकाला पुन्हा पुलित्झर मिळाले, आणि या वेळी जे काम कागदावर कुठेच छापलेले नव्हते अशा कामाला. २०१३ साली इनसाइड क्लायमेट न्यूज नावाच्या चिमुकल्या संस्थेला मिळाले. पूर्णवेळ माणसे अवघी सात! मिशिगनमध्ये २०१० साली नदीत तेल सांडले होते, त्याचा त्यांनी पाठपुरावा केला होता. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे लोकसेवेचे सोन्याचे पदक प्रोपब्लिकाकडे आले. २०२५ चे पदक पुन्हा हॉस्पिटलांच्याच कामासाठी होते. काही राज्यांतल्या कडक गर्भपातविरोधी कायद्यांच्या भीतीने डॉक्टरांनी तातडीचे उपचार लांबवले आणि गर्भवती स्त्रिया दगावल्या, त्यांच्या त्या हकीकती. ते वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. आजी-आजोबांना "खोटं आहे" एवढे सांगून थांबू नका. त्यांच्याजवळ बसा आणि बातमी दोघे मिळून तपासा. लिहिणाऱ्याचे नाव दिले आहे का? तो कोणाकोणाशी बोलला ते सांगतो का? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घेतले आहे का? चूक झाली तर दुरुस्ती छापतो का? या चार प्रश्नांना उत्तर नसेल तर ती बातमी पुढे पाठवायची नाही, मग ती कितीही आपल्या मनासारखी असो. आणि वडीलधाऱ्यांनो, पोरांनी विचारले तर रागावू नका. तुम्हीही तरुणपणी डॉक्टरांचे घाईत लिहिलेले अक्षर दोनदा विचारूनच औषध दिले असेल. मी तरी दिले.

पुढच्या अंकी उन्हाळ्यात पाय सुजतात त्याविषयी लिहीन, पुष्कळांनी विचारले आहे. तोवर पाणी पीत राहा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, आणि रात्री अकरानंतर बातम्या वाचू नका. झोप उडते, आणि बातमी सकाळीही तिथेच असते.

तुमची,
निवृत्त सिस्टर