घराचे वासे

घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, ही म्हण कर्करोगाच्या गांठीस अक्षरशः लागू पडते. जखम झाली असतां तंतु विणून ती भरून काढणाऱ्या पेशी आपल्या शरीरांत असतात. गांठींत मात्र याच पेशी फितूर होऊन तिच्याभोंवतीं तंतूंचा तट उभारतात, आणि रोगाशीं झुंजण्यास आलेल्या पांढऱ्या पेशींचें बळ खच्ची करणारीं द्रव्यें सोडतात.

पवईची आय. आय. टी. व मुंबईचें टाटा रुग्णालय यांच्या परिश्रमांनीं सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास २०२३ सालीं मान्यता मिळाली. त्यांत रोग्याच्याच पांढऱ्या पेशींस शत्रूची ओळख पटवून पुनः शरीरांत सोडतात. रक्ताच्या कांहीं कर्करोगांवर तो गुणकारी ठरला. परंतु घट्ट गांठींपुढें अशा उपचारांची गति कुंठित होते, त्याचें एक कारण हा तटच होय.

बोरी अरब येथून मुंबई दूर आहे; खर्रा मात्र हाताशीं आहे. त्यांतील सुपारीनें गालांत तंतु माजून तोंड उघडेनासें होतें, आणि पुढें तेथेंच कर्करोगाचें भय असतें. फिरलेले वासे सरळ करण्याची विद्या शास्त्रज्ञ शोधोत. घर फिरूं न देणें आपल्या हातीं आहे. म्हणून पालकांनीं प्रथम स्वतः खर्रा टाकावा व मगच मुलांस उपदेश करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.