स्नेहमेळाव्याला जाऊ की नको?

आमच्या १९८६ च्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा येत्या रविवारी आहे. खरं सांगू? जावंसं वाटतं आणि नाहीही.

मागच्या वेळी तिघांनी मला ताटासकट कोपऱ्यात गाठून मोबाईलवर रिपोर्ट दाखवले. त्याचं काही नाही, सवय आहे. बोचतंय ते वेगळंच. माझ्या बाकावरचा मित्र गुलाबजाम खात म्हणाला, "शुगर नॉर्मल आली, गोळ्या बंद केल्या." शुगर नॉर्मल आली होती ती गोळ्यांमुळेच! पण सगळ्यांसमोर डॉक्टरकी कशाला, म्हणून मी हसून "क्लिनिकवर ये" म्हणालो आणि विषय बदलला.

तो आला, आठ महिन्यांनी. पायाला जखम. (हे त्याच्या परवानगीनेच लिहितोय.) मधुमेहाची गोळी सोडली की लगेच काही दुखत नाही, तीच तर अडचण. साखर वाढत राहते, पायाच्या नसा बधिर होतात आणि चप्पल चावलेलीही कळत नाही. त्याची दोन बोटं काढावी लागली.

मेळाव्यात फक्त मित्र म्हणून जावं, हे माझं मत तेव्हापासून बदललंय. तुमच्या बॅचमध्येही मनानेच गोळ्या सोडलेला कोणीतरी असेलच. त्याला बाजूला घेऊन विचारा, डॉक्टर नसलात तरी.

काल त्याचाच फोन आला, "येतोयस ना?" हो म्हटलंय. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या गाडीत ठेवल्या आहेत.