दंडाचा कौल

आपल्या व्यवसायबंधूंपैकी काहींच्या चिकित्सालयांत अलीकडे एक नवी परीक्षा रुजू लागली आहे. रुग्णाने एक हात खांद्याच्या रेषेत आडवा धरावयाचा, दुसऱ्या मुठीत औषधाची बाटली किंवा संशयित खाद्यपदार्थ घ्यावयाचा आणि वैद्याने आडव्या हाताच्या मनगटाजवळ खाली दाब द्यावयाचा. हात टिकला तर द्रव्य सात्म्य, हात खाली गेला तर असात्म्य! ज्या औषधाने हात ‘बलवान’ ठरला ते शेजारच्याच काउंटरवर उपलब्ध असते. ही ‘स्नायुपरीक्षा’ म्हणजे आयुर्वेदातील बलपरीक्षेचेच आधुनिक रूप होय, असे सांगितले जात असल्याचे आमच्या कानांवर आले. तेव्हा तिचे कूळ आणि मूळ वाचकांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हाताने दाब देऊन स्नायूचे बल अजमावण्याची मूळ पद्धत सर्वस्वी आदरणीय आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत पोलिओच्या साथी आल्या, तेव्हा बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लोव्हेट व त्यांचे सहकारी यांनी कोणता स्नायू किती दुर्बल झाला आहे हे पायरीपायरीने नोंदविण्याची रीत बसविली. हेन्री व फ्लोरेन्स केंडॉल या दांपत्याचा या विषयावरील ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची शून्य ते पाच ही श्रेणी तर आजही फिजिओथेरपिस्ट रोज वापरतात. येथे प्रश्न एकच असतो : हा स्नायू किती काम करतो? आणि उत्तरही त्या स्नायूपुरतेच असते.

उडी घेतली गेली ती १९६४ साली. डेट्रॉइट येथील कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांच्याकडे खांद्याचे पाते मागे उचललेला एक तरुण आला. बरगड्यांना जेथे तो स्नायू जोडलेला असतो तेथे त्यांना बारीक गाठी लागल्या. त्या दाबून चोळताच स्नायूला बळ आले, असे त्यांनी नोंदविले. येथवर तक्रार करण्यासारखे काही नाही. आपले मर्दन करणारे सेवकही असे अनुभव सांगतात. परंतु पुढे त्यांनी मांडीच्या पुढील स्नायूंचा संबंध लहान आतड्याशी जोडला, सोअस स्नायूचा वृक्काशी जोडला, त्यात चिनी ॲक्युपंक्चरमधील मार्ग मिसळले, आणि स्नायूची दुर्बलता ही अवयवाच्या बिघाडाची खूण ठरली. १९७३ मध्ये जॉन थाय यांच्या ‘टच फॉर हेल्थ’ या पुस्तकाने ही विद्या सामान्य गृहस्थांच्या हाती दिली. मानसोपचारतज्ज्ञ जॉन डायमंड यांनी तर मनातील विचारांचीही परीक्षा दंडावर सुरू केली. गुडहार्ट द्रव्य निदान जिभेवर तरी ठेवीत. पुढे बाटलीचे बूचही उघडण्याची गरज उरली नाही. या वंशावळीत चरक, सुश्रुत वा वाग्भट कोठेही नाहीत.

कूळ परके म्हणून विद्या त्याज्य, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चोपचिनी आपण बाहेरूनच घेतली आणि भावमिश्रांनी ती ग्रंथातही घातली. प्रश्न परीक्षा खरी उतरते का, एवढाच आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन अनुभवी परीक्षकांनी अकरा व्यक्तींमधील थायमिन, जस्त, ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वे यांची स्थिती स्नायूंवरून सांगितली. त्यांचे निष्कर्ष ना एकमेकांशी जुळले, ना प्रयोगशाळेतील तपासणीशी. २००१ मध्ये गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी असलेल्या रुग्णांवर जर्मन संशोधकांनी केलेल्या चाचणीतही, विष कोणत्या कुपीत आहे हे परीक्षकाला ठाऊक नसताना, निकाल अंदाजापलीकडे गेला नाही. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी नोंदविलेला एक प्रसंग याहून बोलका आहे. ग्लुकोजने हात पडतो आणि फ्रुक्टोजने टिकतो, असे काही कायरोप्रॅक्टर मंडळींनी दाखविले. कोणता थेंब कोणता हे सर्वांपासून लपविताच भेद नाहीसा झाला. त्यावर त्यांच्या प्रमुखांचे म्हणणे असे की, अशा चाचण्या कधी यशस्वी होत नाहीत, म्हणूनच आम्ही त्या करणे सोडले!

यात लबाडी असतेच असे नाही. दाब देण्याचा क्षण, कोन, मनगटापासूनचे अंतर यांत किंचित फरक पडला तरी तोच हात टिकतो किंवा पडतो, आणि हा फरक परीक्षकाच्या अपेक्षेने त्याच्या नकळत घडतो. १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी आत्म्यांच्या नावाने फिरणारी टेबले प्रत्यक्षात भोवती बसलेल्यांच्याच हातांनी ढकलली जातात हे साध्या उपकरणाने दाखविले होते. कोकणात देवाला कौल लावतात, तेथे पाकळी चिकटविल्यावर माणूस हात तरी काढून घेतो. येथे कौल घेणाराच पाकळी ढकलत असतो.

आता शास्त्राकडे वळू. चरकांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात बलाची परीक्षा सांगितली आहे, ती व्यायामशक्तीवरून. मुठीतील द्रव्यावरून नव्हे. सात्म्यासात्म्य ठरते ते सेवनाने, उपशय-अनुपशयाने, कालांतराने. त्याच अध्यायातील चव्वेचाळीस वादमार्गपदांत ‘सव्यभिचार’ हे पद येते आणि त्याचे उदाहरणही औषधाचेच आहे : हे औषध या व्याधीत उपयुक्त ठरेल अथवा ठरणार नाही. दोन्हींकडे झुकणारे असे विधान आचार्यांनी दोषांत जमा केले. दंडाची परीक्षा याहून वेगळी कशी, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे.

येथे एक प्रतिप्रश्न निश्चित येईल आणि तो योग्यच आहे. मग आपल्या नाडीपरीक्षेचे काय? तीही परीक्षकाच्या बोटांवरच अवलंबून आहे. २०१२-१३ च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनी आयुर्वेदीय वैद्यांच्या नाडीनिदानाची अशाच रीतीने तपासणी केली असता एकवाक्यता मर्यादितच आढळली. हे वाचून रागावण्यात अर्थ नाही. नाडीला मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृक्, आकृती यांची जोड देऊनच अष्टस्थान परीक्षा पूर्ण होते. एकट्या नाडीवर सारे निदान उभारणाऱ्यांना हाच निकष लागू आहे. जो काटा आपण दुसऱ्याच्या मालाला लावतो, तोच आपल्या मालाला लावण्याची तयारी हवी.

औषधविक्रेत्या बंधूंना येथे वेगळे सांगावेसे वाटते. काउंटरवर हात दाबून एखादे बल्य रसायन विकले गेले तर हानी खिशाचीच. परंतु याच परीक्षेवरून लहान मुलांचे दूध, गहू, अंडी तोडली जातात. आणि शेंगदाण्याने खरोखर घसा सुजणाऱ्या मुलाचा हात त्या दिवशी टिकला, तर त्याच्या आईला खोटे अभय मिळते. मुलांच्या अन्नॲलर्जीच्या निदानासाठी ही पद्धत वापरू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. ज्या दुकानातून तो सल्ला गेला त्या दुकानाचे नाव आई विसरत नसते.

आमची सूचना एवढीच आहे. ज्यांना या परीक्षेवर विश्वास आहे त्यांनी आपल्या शाखेच्या सभेत ती करून दाखवावी. एकसारख्या वीस बाटल्या घ्याव्यात. दहांत परीक्षकाने स्वतः निवडलेले औषध, दहांत पाणी. क्रमांक तिसऱ्याने घालावेत आणि कोणती बाटली कोणती हे रुग्ण व परीक्षक दोघांनाही ठाऊक नसावे. नाडीतज्ज्ञांसाठीही पडद्याआडच्या वीस हातांची सोय करता येईल. आणि पक्षाघाताच्या रुग्णाला बस्तिकर्माला घेण्यापूर्वी व नंतर लोव्हेटप्रभृतींच्या पद्धतीने शून्य ते पाच अशी स्नायुबलाची नोंद केसपेपरवर करण्यास तर कोणाच्या अनुमतीचीही गरज नाही. ती येत्या सोमवारपासून करता येईल.