मेंदूत डीबीएस बसवलंय आणि एमआरआय कंबरेचा आहे, तरी सांगायचं का?

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला ३२ वर्षांचा तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. तेव्हा या बातमीची खूप चर्चा झाली. घड्याळ, किल्ल्या, दागिने बाहेर ठेवायचे हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण जो धातू काढून ठेवताच येत नाही, त्याचं काय?

पार्किन्सनच्या काही रुग्णांवर डीबीएसची, म्हणजे 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन'ची शस्त्रक्रिया होते. मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड, तिथून कानामागून मानेत उतरणारी तार आणि बहुतेक वेळा छातीत, त्वचेखाली बॅटरीचं यंत्र. इथे मोठी भीती आहे ती तापण्याची. एमआरआयमधल्या रेडिओलहरी ही लांब तार अँटेनासारखी पकडते आणि उष्णता साठते ती तिच्या टोकाला. टोक मेंदूत असतं.

२००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका रुग्णाची नोंद छापून आली. एमआरआय कंबरेचा होता, इजा मेंदूला झाली आणि ती कायमची राहिली. त्यामुळे 'डोक्याचा थोडीच आहे' म्हणून गप्प बसू नका.

मग एमआरआय करायचाच नाही का? तसंही नाही. आजची अनेक डीबीएस यंत्रं ठरावीक अटींवर एमआरआय चालणारी आहेत: काही फक्त १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये, काही ३ टेस्लाच्याही. अटी मॉडेलप्रमाणे बदलतात. तार तुटलेली असेल किंवा जुनी तार आतच राहिली असेल, तर ही मुभा राहत नाही. स्कॅनआधी तारांची तपासणी होते, यंत्र एमआरआयच्या सेटिंगवर नेतात आणि रेडिओलहरींची ताकद मर्यादेत ठेवतात. ते स्वतःहून बंद करून जाऊ नका. थरथर परत आली तर स्थिर झोपणंच अवघड.

नाशिककरांची अडचण वेगळीच. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला झालेली, स्कॅन इथल्या सेंटरवर आणि फाईल कपाटात. सेंटरने सरसकट 'होणार नाही' म्हणणं सोपं, पण कंबरेची नस दबलेल्या माणसाचं दुखणं त्याने थांबत नाही. म्हणून यंत्राच्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. वेळ ठरवण्याआधीच तो सेंटरला पाठवा आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करा. पडून डोक्याला मार लागला, तर सहसा आधी सीटी स्कॅन करतात. त्यात या रेडिओलहरी नसतात. डीबीएस असल्याचं मात्र तिथेही सांगा.