बाशिंग म्हणजे बांडगूळ नव्हे

कर्जत-खालापूरच्या भागात जुन्या आंब्याच्या खोडावर तपकिरी, कागदासारख्या पानांचे झुपके तुम्ही पाहिले असतील. नवरदेवाच्या कपाळावरील बाशिंगासारखी ही पाने खोडाला टेकून उभी असतात, म्हणून वनस्पतीचे नावच बाशिंग पडले. हे एक मोठे नेचे आहे. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया, म्हणजे ओकसारख्या पानांचे. पुष्कळांना मात्र ते बांडगूळ वाटते आणि मग कोयता चालतो.

हा अन्याय आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीत घुसवून झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. बाशिंगाची मुळे सालीला केवळ धरून असतात. खडकावर, जुन्या भिंतीवरही ते तितकेच सुखाने वाढते. तिथे ते कोणाचा रस शोषणार? झाड त्याला फक्त जागा देते. जीर्ण फांदीला त्याचा भार होतो, हे खरे. पण तेवढ्यासाठी सरसकट खरवडणे मला पटत नाही.

मग अन्न-पाणी येते कोठून? येथेच त्याची खरी गंमत आहे. बाशिंगाची पाने दोन प्रकारची असतात. उभी, बिनदेठाची पाने लवकरच हरितद्रव्य गमावून तपकिरी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या टोपलीत पालापाचोळा व धूळ साचते, कुजते, ओल धरते आणि मुळे त्यातच पसरतात. झाडावर राहून ही वनस्पती स्वतःची माती स्वतः तयार करते! दुसरी पाने लांब देठाची, हिरवी, मीटरभरही वाढणारी. अन्न तयार करण्याचे आणि बीजाणूंचे काम त्यांचे. कोरड्या दिवसांत ती झडतात, उरतात नुसत्या काड्या. अशा वेळी ते मेलेसे दिसते. पण लवदार मूलक्षोड जिवंत असते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते.

मुंबई इलाख्यातील नेच्यांवर फादर ब्लॅटर व डाल्मेडा यांनी १९२२ सालीच ग्रंथ लिहिला. आपल्याला मात्र नेचे म्हटले की कुंडीतलेच आठवते! कर्जत तालुक्यातील माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पण परसातल्या आंब्यावरील बाशिंगाला कोणती अधिसूचना वाचवणार? ते घरच्या माणसांनाच ठाऊक हवे.

शिक्षकांनी पावसाळ्यात मोडून पडलेल्या फांदीवरचे बाशिंग वर्गात आणावे. टोपलीतला कचरा कागदावर पसरून त्यात काय काय निघते ते मुलांनीच मोजावे, आणि हिरव्या पानाच्या पाठीवरचे ठिपके भिंगातून पाहावेत.