सुधारलेली की नुसती वाढलेली?

मराठी पुस्तकांच्या आतल्या मुखपृष्ठावर ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ असे शब्द छापण्याची पद्धत जुनी आहे. त्या शब्दांच्या क्रमातच एक विचार दडलेला आहे. आधी चुका दुरुस्त कराव्यात आणि मग मजकुरात भर घालावी, असे तो क्रम सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दुरुस्ती राहून जाते. वेष्टन बदलते, शेवटी एखादे परिशिष्ट जोडले जाते आणि किंमत मात्र वाढते. पहिली आवृत्ती ज्याच्या कपाटात आहे त्याने दुसरीसाठी पुन्हा पैसे का मोजावेत, हा प्रश्न अशा वेळी अनुत्तरित राहतो.

हा प्रश्न केवळ पुस्तकांपुरता नाही. दूरचित्रवाणीवरील कार्टूनमुळे आपल्याकडील मुलांनाही परिचित झालेला ‘पोकेमॉन’ हा मुळात एक जपानी व्हिडिओ गेम आहे, आणि सुधारित आवृत्त्यांची त्या खेळाची परंपरा जितकी दीर्घ तितकीच वादग्रस्त आहे. एकच खेळ थोडा बदलून पुन्हा विकणे कितपत रास्त, याचा निवाडा करावयाचा तर त्या परंपरेकडे जरा बारकाईने पाहावे लागेल.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी हे टोकियोनजीकच्या माचिदा भागात वाढले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा छंद होता. शहर पसरत गेले तशी तेथील शेते आणि तळी नाहीशी झाली, आणि नव्या पिढीच्या वाट्याला तो आनंद येणे कठीण झाले. तोच आनंद मुलांना खेळातून द्यावा, या कल्पनेतून फेब्रुवारी 1996 मध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ ही जोडी विक्रीस आली. काही प्राणी एकात सापडत, काही दुसऱ्यात. संग्रह पुरा करावयाचा तर दोन मुलांनी आपापली यंत्रे वायरीने जोडून प्राण्यांची अदलाबदल करणे भाग होते. दोन रूपे एकदम विकण्यामागे व्यापारी चातुर्य होतेच. परंतु देवघेवीशिवाय संग्रह पुरा होत नाही, हे तत्त्वही त्यामागे होते, आणि त्यामुळे ती योजना खेळाच्या प्रकृतीशी सुसंगत होती.

तिसऱ्या आवृत्तीची गोष्ट निराळी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जपानात चित्रे नव्याने काढलेली ‘ब्लू’ आली, 1998 मध्ये कार्टूनच्या लोकप्रियतेवर बेतलेली ‘यलो’ आली, आणि तेथून एक रिवाजच पडला. आधी जोडी, मग वर्ष-दोन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती: 2000 मध्ये ‘क्रिस्टल’, 2004 मध्ये ‘एमराल्ड’, 2008 मध्ये ‘प्लॅटिनम’. प्रदेश तोच, गावे तीच, कथेचा सांगाडाही बहुतांशी तोच. उत्पादकाचा लाभ येथे उघड आहे आणि लाभ मिळवणे हा काही गुन्हा नव्हे. तथापि घेणारा पुष्कळदा खाऊचे पैसे साठवणारा मुलगा किंवा मुलगी असते, हे विसरून चालणार नाही. शिवाय त्याला नवी आवृत्ती पहिल्या पावलापासून खेळावी लागते. जुना संग्रह अदलाबदलीने आणता येई हे खरे, पण त्यासाठी दुसरे यंत्र हवे. थोडक्यात, तो पैसे दुसऱ्यांदा मोजतो आणि अनेक तासांचे श्रमही दुसऱ्यांदा करतो. या दोहोंची भरपाई जी आवृत्ती करील तीच रास्त म्हणावी लागेल.

अशी भरपाई कशी होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘प्लॅटिनम’. 2006 मध्ये आलेल्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या जोडीत काही ठळक दोष होते. खेळ संथ होता. पाण्यावरून जाताना आणि लढतीतही खोळंबा होई. त्याहून मोठा दोष रचनेचा होता. त्या प्रदेशाच्या मूळ सूचीत 151 प्राणी होते, पण अग्निवर्गातील प्राण्यांची कुळे जेमतेम दोन. परिणाम असा, की शेवटच्या टप्प्यावर अग्निवर्गाचा निष्णात म्हणून जो फ्लिंट नावाचा प्रतिस्पर्धी समोर येई, त्याच्या पाच प्राण्यांपैकी अग्निवर्गाचे दोनच असत. उरलेल्या तिघांत एक पोलादी सर्प, एक ससा आणि एक फुगा! स्वतःच्या विषयातील दोनच धडे ठाऊक असलेला शिक्षक वर्गावर पाठवावा, तसाच हा प्रकार होता.

‘प्लॅटिनम’ने हा दोष मुळापासून दूर केला. सूची 210 प्राण्यांची झाली, अग्निवर्गातील नवी कुळे तीत आली आणि फ्लिंटचे पाचही प्राणी त्याच्या विषयाला शोभणारे झाले. खेळाची गती वाढली. कथेच्या उत्कर्षबिंदूला जेथे वरखाली, डावेउजवे यांचे नियमच उलटतात असा एक विपरीत लोक जोडला गेला, आणि पूर्वी कडेला असलेला गिराटिना हा प्राणी कथेच्या केंद्रस्थानी आला. येथे भर आहे, परंतु ती दुरुस्तीच्या पाठोपाठ आली आहे. ज्याने आधीची जोडी खेळली त्याला त्याच वाटेने पुन्हा जाताना ठायीठायी जाणवते, की करणाऱ्यांनी आपले काम टीकाकाराच्या नजरेने पुन्हा तपासले आहे.

‘क्रिस्टल’ने केलेली एक सुधारणा याहूनही मोलाची होती. तोपर्यंतच्या प्रत्येक मुख्य खेळात नायक मुलगाच असे. नायिका म्हणून मुलगी निवडण्याची मुभा या मालिकेत प्रथम ‘क्रिस्टल’ने दिली आणि पुढच्या मुख्य खेळांनी ती कायम ठेवली. या बदलाला नकाशात एक गावही वाढवावे लागले नाही. तरीही खेळणाऱ्या मुलींच्या दृष्टीने एवढ्या एका बदलासाठी ती आवृत्ती सार्थ ठरते.

याच्या उलट उदाहरण 2017 सालचे. 2016 च्या नोव्हेंबरात ‘सन’ आणि ‘मून’ आले. बरोबर एका वर्षाने ‘अल्ट्रा सन’ आणि ‘अल्ट्रा मून’. म्हणजे एकाच द्वीपसमूहाची कथा बारा महिन्यांत चार कार्ट्रिजांतून विकली गेली. नव्या जोडीत प्राणी अधिक होते, लाटांवर स्वार होण्याची सोय होती, शेवट वेगळा होता. परंतु तो शेवट येईपर्यंतची वाट बहुतेक जशीच्या तशी राहिली. मूळ कथेचा कणा असलेला आई आणि मुलीचा संघर्ष तर नव्या घटनांना जागा करून देण्याच्या नादात फिका झाला. संख्येने श्रीमंत आणि आशयाने दरिद्री अशी आवृत्ती कशी असते, याचा हा वस्तुपाठ होय.

पूर्वीच्या आवृत्त्यांच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद करता येत असे. कार्ट्रिज कारखान्यातून बाहेर पडले की त्यातील चूक घरबसल्या दुरुस्त करण्याचा मार्ग सहसा नसे. दुरुस्ती हवी तर नवी आवृत्तीच काढावी लागे. इंटरनेटने ही अडचण दूर केली. त्यामुळे 2019 च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’नंतर तिसरी आवृत्ती आली नाही, त्याऐवजी 2020 मध्ये त्याच खेळाला जोडता येणारे दोन नवे प्रदेश निराळ्या किमतीला विकले गेले. हा मार्ग ग्राहकाच्या खिशाला अधिक सोयीचा आहे. त्याला सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही आणि त्याचा संग्रहही जागच्या जागी राहतो. या न्याय्य बदलाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु त्यात काही गमावलेही आहे. जोडलेला प्रदेश मूळ कथेला सहसा हात लावीत नाही. छप्पर गळत असताना घराला दोन खोल्या वाढवाव्यात आणि छपराचा विषय काढू नये, अशातली ही रीत आहे. जुन्या पद्धतीत ग्राहकावर भार अधिक पडे. पण निदान चांगल्या आवृत्तीत तरी करणाऱ्यांना सबंध काम पुन्हा तपासून, जे फसले ते पुन्हा लिहावे लागे. ती शिस्त नव्या पद्धतीत ऐच्छिक झाली आहे.

ती शिस्त सुटली म्हणजे काय होते, हे 2021 मध्ये दिसले. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ची नव्या यंत्रासाठी पुनर्निर्मिती झाली. आधाराला मात्र सुधारलेली ‘प्लॅटिनम’ न घेता 2006 ची मूळ जोडीच घेतली गेली. चित्रे नवी आली, भूमिगत भागात अनेक प्राणीही वाढवले गेले. पण ‘प्लॅटिनम’ची बहुतेक कमाई वगळली गेली. फ्लिंट पुन्हा आपले दोन अग्निप्राणी, सर्प, ससा आणि फुगा घेऊन उभा राहिला. पंधरा वर्षांपूर्वीची आणि तेरा वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली चूक मूळबरहुकूमपणाच्या नावाखाली पुन्हा छापली गेली. मूळ कृतीवरील निष्ठा हा गुण खरा; पण तिच्या कर्त्यांनीच ज्याची दुरुस्ती केली ते जसेच्या तसे जपणे याला निष्ठा म्हणता येणार नाही.

तेव्हा ग्राहकाने, आणि त्याच्यासाठी पैसे मोजणाऱ्या पालकाने, नव्या आवृत्तीच्या वेष्टनावरील आकडे वाचण्यापूर्वी एक साधी चौकशी करावी. आधीच्या खेळातील कोणती उणीव येथे नाहीशी झाली आहे? तिचे नेमके उत्तर मिळाले तर किंमत वाजवी समजावी. उत्तरादाखल केवळ नव्या प्राण्यांची यादीच पुढे केली जात असेल, तर घरातली जुनी प्रत पुरेशी आहे.